किशोरवयीन अपराधभाव आणि आत्मशिक्षेची कादंबरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजार, रावपुरा आणि आता शहराच्या कडेला वसलेल्या सोसायट्यांमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुलांसाठी बडोद्यात आम्ही वाचन-लेखनाचे एक मंडळ चालवतो. पालक, शिक्षक, स्वतः मुले आणि नव्याने लिहू पाहणारी मंडळी एका विशिष्ट प्रकारच्या कादंबरीविषयी आमच्याकडे सतत विचारणा करतात. हातून चूक घडलेला, किंवा ती घडली असे मनाने घेतलेला, मुलगा अथवा मुलगी स्वतःलाच शिक्षा देत राहते, अशी ती कादंबरी. उत्तरांमध्ये उदाहरणादाखल एकच कथानक वापरले असून ते प्रश्न २ मध्ये दिले आहे.

१. या प्रकारच्या कादंबरीत नेमके काय असते? ही गुन्हेगारीची गोष्ट समजायची का?

नाही. गुन्हेगारीच्या गोष्टीत कृत्य कोणी केले हे शोधायचे असते. येथे ते पहिल्या काही पानांतच, किंवा पुस्तक सुरू होण्यापूर्वीच, घडून गेलेले असते आणि ते कोणी केले हे वाचकाला ठाऊक असते. पुढे त्या मुलाने स्वतःचे काय करून घेतले, हा या कादंबरीचा विषय असतो. दोस्तोयेव्हस्कीची १८६६ सालची ‘गुन्हा आणि शिक्षा’ ही या जातीची सर्वांत प्रसिद्ध प्रौढ कादंबरी म्हणता येईल, परंतु तिचा नायक स्वतंत्र खोलीत एकटा राहतो. आपला नायक आईवडिलांच्या घरात राहतो, त्याला स्वतःचे पैसे नसतात, बहुधा स्वतःची खोलीही नसते, आणि मनात काहीही चालू असले तरी सकाळी सात वाजता दप्तर घेऊन रिक्षाच्या रांगेत उभे राहावेच लागते. हा फरक किरकोळ नाही, कारण किशोर-कादंबरीतील बहुतेक ताण याच अडचणीतून निर्माण होतो.

२. बडोद्यातील मुलांना जवळचे वाटेल असे एखादे उदाहरण सांगाल का?

समजा, दहावीतील एक मुलगा आहे. उत्तरायणाला, म्हणजे १४ जानेवारीला, त्याने घरी न सांगता नायलॉनची दोरी आणली आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये या कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली, हे त्याला माहीत आहे. दरवर्षी शाळेत त्याविषयी सूचना होते आणि दरवर्षी कोणीतरी ती दोरी मिळवतोच. दुपारी त्याचा पतंग कापला जातो. सैल पडलेली दोरी गच्चीच्या कठड्यावरून रस्त्यावर लोंबू लागते. ती ओढून फिरकीवर गुंडाळायला वेळ लागेल, शेजारच्या गच्चीवरून ‘काप्यो छे’चा गलका चालू आहे, खालून आई उंधियू गार होत असल्याचे ओरडून सांगत आहे, आणि दुसऱ्या पतंगाला कन्नी बांधून तयार आहे. तो कात्रीने दोरी कापतो आणि सोडून देतो. संध्याकाळी समजते की त्याच रस्त्यावर दुचाकीवरून जाणाऱ्या एका बाईंचा गळा दोरीने चिरला गेला.

त्या दिवशी त्या रस्त्यावर वीस गच्च्यांवरून दोऱ्या सुटलेल्या असतात. दोरी याचीच होती की नव्हती, हे कोणालाही, त्यालाही, कधीच कळणार नाही. दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायणाला तो डोके दुखत असल्याचे सांगून गच्चीवर जात नाही. दोरीने कापू नये म्हणून तर्जनीभोवती गुंडाळलेली चिकटपट्टी तो रात्री सोडतो. पट्टीखालची त्वचा पांढरी आणि सुरकुतलेली दिसते, तिच्यावर एक ओरखडाही नसतो, आणि ते पाहून त्याला स्वतःची किळस येते. मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षेत तो येत असलेली उत्तरे लिहीत नाही.

ती बाई दगावते की वाचते, हे लेखकाने ठरवायचे असते. आम्ही ती वाचते असे धरले आहे. त्याचे कारण प्रश्न ८ मध्ये दिले आहे.

३. एवढे मनाला लागले आहे, तर तो सांगून का टाकत नाही?

वडिलांच्या रागाची भीती हे कारण सर्वांना सुचते आणि ते खरेही असते, परंतु पुरेसे नसते. स्वतःला शिक्षा देणे हे सांगण्यापेक्षा सोपे असते, हे दुसरे कारण हस्तलिखितांमध्ये क्वचितच आढळते. कोरी उत्तरपत्रिका देताना मुलगा एकटा असतो, किती गुण घालवायचे हे तोच ठरवतो, आणि त्या बाईंच्या दारात उभे राहण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. रॉब नेलिसन आणि मार्सेल झीलेनबर्ग या डच मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अपराधी वाटणारी माणसे स्वतःला दंड करून घेताना आढळली, पण ती प्रामुख्याने ज्याचे नुकसान झाले त्याची भरपाई करण्याचा मार्ग नसताना. हॅरी पॉटरच्या गोष्टींत डॉबी नावाचे एक पात्र चूक झाली की स्वतःलाच बडवून घेते. त्याच्यावरून त्यांनी या प्रवृत्तीला नाव दिले. लेखकाला यातून एक उपयुक्त सूचना मिळते. नायक स्वतःला छळतो आहे हे दाखवण्यापूर्वी, भरपाईचा कोणता मार्ग त्याला बंद दिसतो आहे आणि तो खरोखर बंद आहे की त्यानेच लावून घेतला आहे, हे लेखकाच्या मनात स्पष्ट असले पाहिजे.

४. आपल्या परंपरेत प्रायश्चित्त सांगितलेलेच आहे. मग मुलाने स्वतःला थोडी शिक्षा करून घेतली तर बिघडले कोठे?

हा प्रश्न बहुधा आजी-आजोबांकडून येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. प्रायश्चित्त आणि आत्मशिक्षा या दोहोंत क्लेश असतात, म्हणून ती सारखी दिसतात. महाभारताच्या शांतिपर्वात शंख आणि लिखित या दोन भावांची कथा आहे. लिखिताने थोरल्या भावाच्या आश्रमातील फळे त्याला न विचारता खाल्ली. शंखाने त्याला सांगितले की ही चोरी आहे, राजाकडे जा आणि शिक्षा मागून घे. सुद्युम्न राजा त्याला सोडून द्यायला तयार होता, परंतु लिखिताने आग्रह धरला आणि त्याचे हात तोडण्यात आले. परत आल्यावर शंखाने त्याला बाहुदा नदीत स्नान करून तर्पण करायला सांगितले, तेव्हा हात पुन्हा उगवले. मग लिखित विचारतो की तुझ्यापाशी एवढे सामर्थ्य होते, तर तू मला आधीच शुद्ध का केले नाहीस? शंखाचे उत्तर असे की दंड देण्याचा अधिकार माझा नव्हता, तो राजाचा होता.

शिक्षा कठोर आहे आणि आजच्या वाचकाला ती क्रूर वाटेल. तरीही या कथेत दंड देणारा वेगळा आहे, दंडाला माप आहे, आणि तो भोगून झाल्यावर हात परत येतात. आपल्या नायकाच्या बाबतीत आरोपी, न्यायाधीश आणि जल्लाद एकच असतो, त्यामुळे शिक्षा पुरी झाली असे सांगणारे कोणी उरत नाही. आजीच्या संकष्टीला चंद्रोदय असतो, या मुलाच्या उपवासाला तो नसतो. आमच्या शेजारचे जैन लोक संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून क्षमा मागतात, तीही समोरच्या माणसाकडे मागतात, आरशाकडे नव्हे. म्हणून नायकाच्या घरात कडक व्रते पाळणारी आजी असेल, तर तिला मागासलेली किंवा खलनायिका करू नये. शिक्षा कोठे थांबवायची हे त्या घरात बहुधा तिलाच सर्वांत चांगले कळत असते.

५. काही वेळाने मुलगा ‘मी वाईटच आहे’ असे म्हणू लागतो. हे वळण योग्य आहे का?

योग्य आहे, पण त्याची किंमत लेखकाला ठाऊक हवी. मानसशास्त्रज्ञ हेलन ब्लॉक लुईस यांनी १९७१ मध्ये अपराधभाव आणि लज्जा यांत भेद केला. पहिल्यात माणूस आपल्या कृत्याकडे पाहतो, तर दुसरीत संपूर्ण स्वतःकडे. ‘मी दोरी कापून सोडली’ यावर काहीतरी करता येते, परंतु ‘मी वाईट आहे’ यावर करण्यासारखे काही उरत नाही. हे वळण फार लवकर आले की कादंबरी पुढे सरकत नाही आणि नायक शंभर पाने तेच वाक्य घोळवत बसतो. आमच्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांचा हा सर्वांत नेहमीचा दोष आहे.

६. हे ‘श्यामची आई’मध्ये आधीच आलेले नाही का?

अंशतः आले आहे. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या पुस्तकात श्यामच्या हातून चुका होतात आणि त्याला त्या टोचतात. मात्र तेथे चूक पाहणारी आई जवळ असते, ती रागावते, समजावते आणि जवळ घेते, आणि सांगणारा श्याम मोठा झालेला असल्यामुळे पुढे सर्व ठीक झाले हे आपल्याला आधीच ठाऊक असते. आपल्या नायकाची चूक कोणी पाहिलेलीच नाही. दोन्ही पुस्तके घरात असावीत, त्यांच्यात भांडण लावण्याचे कारण नाही.

७. वडिलांना सांगून टाकले की गोष्ट संपते का?

कधी संपते, कधी नाही. दोन्ही प्रकार गांधीजींच्या आत्मकथेत शेजारी शेजारी आहेत, शिवाय काठियावाडातले आहेत, म्हणून गुजरातेत वाढलेल्या मुलांना ते चटकन कळतात. पंधराव्या वर्षी त्यांनी भावाच्या हातातील कड्याचे थोडे सोने चोरले. ते तोंडाने सांगण्याचा धीर झाला नाही, म्हणून चिठ्ठी लिहून आजारी वडिलांच्या हातात दिली. चिठ्ठीत त्यांनी शिक्षा मागितली होती, आणि माझ्या दोषासाठी आपण स्वतःला क्लेश करून घेऊ नका अशी वडिलांना विनवणीही केली होती. वडिलांच्या डोळ्यांतून पाणी आले आणि त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली. मूल स्वतःला शिक्षा देईल ही आपल्याला भीती असते. येथे मुलाला ती वडिलांविषयी वाटते, आणि ही जागा कोणत्याही लेखकाने दोनदा वाचावी अशी आहे.

पुढे वडील वारले तेव्हा सोळा वर्षांचे गांधीजी त्यांच्या उशाशी नव्हते, आणि ती शरम आपण कधीही पुसू शकलो नाही असे त्यांनी लिहिले आहे. चोरी सांगता आली, कारण ऐकणारा जिवंत होता.

८. शेवट कसा असावा? बाईंनी त्याला क्षमा करावी का?

क्षमा करणे हे त्या बाईंचे काम आहे, कथानकाचे नव्हे. त्यांनी रडून मुलाला पोटाशी धरले की लेखकाची सुटका होते, पण वाचकाचा विश्वास उडतो. त्या वाचल्या असे आम्ही धरले, ते एवढ्याचसाठी की मुलाला जाण्यासाठी एक खरे दार असावे आणि त्या दाराआड स्वतःचे मत असलेले माणूस असावे. त्यांना राग येऊ शकतो. त्या ‘कोणत्या गच्चीवरून?’ असे विचारू शकतात. मुलगा दारात उभा असताना त्या आत जाऊन गॅस बंद करून येऊ शकतात.

त्यानंतर मुलगा काय करतो, हे महत्त्वाचे. पुढच्या उत्तरायणापूर्वी सोसायटीतील दुचाकींच्या हँडलवर गळ्याचे रक्षण करणारी तार बसवून देणे, हे आमच्या कथानकाला साजेसे काम आहे. मात्र तेच काम तो उन्हात, पाणी न पिता, हात सोलवटेपर्यंत करू लागला, तर तो पुन्हा प्रश्न ४ मध्येच जाऊन पडला असे समजावे, आणि हे त्याला सांगणारे एखादे पात्र कादंबरीत ठेवावे.

९. स्वतःला इजा करून घेण्याचे प्रसंग किती तपशिलाने लिहावेत?

परिणाम लिहावेत, पद्धत लिहू नये. १७७४ मध्ये जर्मन लेखक गटेची ‘वेर्टर’ ही कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर, आत्महत्या करणाऱ्या तिच्या नायकाचे अनुकरण होत असल्याची चिंता युरोपात व्यक्त झाली होती. पुढे १९७४ मध्ये समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी वृत्तपत्रांतील ठळक बातम्यांनंतर आत्महत्या वाढतात हे दाखवताना त्या परिणामाला याच कादंबरीचे नाव दिले. अलीकडचे उदाहरण मुलांना माहीत असते. किशोरांवरील ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ या मालिकेतील असे एक दृश्य नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये काढून टाकले. उलट, अशा मनःस्थितीतून बाहेर आलेल्या माणसाची हकिकत वाचकाला सावरू शकते, असा निष्कर्ष २०१० मधील एका ऑस्ट्रियन अभ्यासाने मांडला. साधन, जागा, वेळ आणि मात्रा हे चार तपशील आम्ही हस्तलिखितातून वगळायला सांगतो. त्यावाचून कोणताही चांगला प्रसंग अडलेला आमच्या पाहण्यात नाही.

१०. कादंबरीतील सोळा वर्षांच्या मुलाला पोलीस कोठडीत दाखवले तर चालेल का?

चालणार नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याला ताब्यात घेतल्यास प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते, आणि त्याची ओळख वृत्तपत्रांना छापता येत नाही. त्यामुळे ‘दुसऱ्या दिवशी पेपरात नाव आले’ हा प्रसंगही बाद होतो. अल्पवयीन मुलाने स्कूटर चालवून अपघात केल्याचे कथानक असेल, तर मोटार वाहन कायद्यातील २०१९ ची दुरुस्ती पाहावी. तीनुसार पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. आपल्या चुकीसाठी वडील कोर्टात उभे आहेत हे पाहणाऱ्या मुलाची कादंबरी अद्याप आमच्याकडे आलेली नाही, आणि आम्ही तिची वाट पाहत आहोत.

११. आमच्या मुलांना मराठी वाचनाचा सराव नाही. पात्रे गुजराती बोलली तर चालेल का?

चालेल, नव्हे, बडोद्यातील मुले गच्चीवर मराठी बोलताना दाखवली तर ते खोटे वाटेल. घरात मराठी, मित्रांत गुजराती आणि शाळेत इंग्रजी, असे ठेवावे. वाचनासाठी रोज दहा पाने मोठ्याने वाचून दाखवणे पुरते. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मराठी पुस्तके आहेत.

१२. पुस्तक वाचल्यापासून माझी मुलगी गप्प असते. काळजीचे कारण आहे का?

एक-दोन दिवसांची शांतता हा वाचनाचा परिणाम असू शकतो. ‘तुझ्या हातून काय झाले?’ असे विचारण्याऐवजी त्या मुलाविषयी, म्हणजे पात्राविषयी, बोलावे. आडून बोलणे मुलांना सोपे जाते. जेवण, झोप, मैत्री यांत बदल टिकून राहिला किंवा इजेच्या खुणा दिसल्या, तर पुस्तक बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटावे. टेली-मानस ही शासनाची विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते, आणि मुले स्वतः १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर फोन करू शकतात.

१३. मुलाचा काहीच दोष नसेल, तरीही ही रचना वापरता येईल का?

येथे फार जपून राहावे लागते. अपघातातून वाचलेल्या मुलाला आपण वाचलो याचाच अपराध वाटू शकतो. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणीच्या तलावात सहलीची बोट उलटून बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. त्यानंतर या शहरात अशा विषयाचे पुस्तक कोणत्या मुलाच्या हाती पडेल, याचा विचार लेखकाला करावाच लागतो. अशा कादंबरीत भरपाई करण्याजोगे काही नसते, म्हणून प्रश्न ८ मधील उपाय तेथे लागू पडत नाही. सोबत बसणारे माणूस मात्र हवे.

लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलाची कथा तर या रचनेत कधीही बसवू नये. त्या मुलाला वाटणारा अपराध दुसऱ्याने त्याच्यावर लादलेला असतो. त्याला ‘चूक, कबुली, परिमार्जन’ या वाटेने चालवले की दोष त्याचाच होता, असे पुस्तक नकळत सांगते. शिवाय ज्या शिक्षिकेला त्याने विश्वासाने सांगितले, तिने ते स्वतःपाशी ठेवल्याचे दाखवू नये. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार तिला ते पोलिसांना कळवावे लागते, आणि ते कळवणे हाच त्या कथेतील मोठा प्रसंग होऊ शकतो.

१४. दोरी कोणाची होती हे शेवटपर्यंत कळलेच नाही, तर वाचकाला फसवल्यासारखे वाटणार नाही का?

कळवले तर कादंबरी बिघडते. दोरी त्याची नव्हती असे अखेरच्या प्रकरणात निघाले, तर आधीची दोनशे पाने गैरसमज ठरतात. त्याचीच होती असे निघाले, तर कोरी उत्तरपत्रिका योग्यच होती असे वाटू लागते. न कळण्यातही त्याच्यापाशी निश्चित असे काही असते. त्याने बंदी असलेली दोरी आणली होती, आणि ती रस्त्यावर सोडून दिली होती. बाईंच्या दारात त्याने एवढेच सांगावे, अधिक नाही आणि उणेही नाही. ‘माझ्यामुळेच झाले’ आणि ‘माझ्यामुळे झाले नाही’, यांपैकी कोणतेही वाक्य त्या प्रसंगात आढळले, तर आम्ही ते खोडून हस्तलिखित परत पाठवतो.